दाराच्या मुठीवर हात

सत्तर मैल गाडी हाकत डेल्मर शात्झ येतो
गुडघा दाखवायला.
गुडघा ठीक आहे. त्यालाही ठाऊक, मलाही.
तरी मी वाटी चाचपते, पाय वाकवून बघते.
पोटरीवर माझेच जुने टाके, जरा वाकडे.
विचारते सूर्यफुलाचा भाव, ट्रॅक्टरचा खर्च,
आणि तो उत्तरं देतो
मांडीवरच्या टोपीला.

बाहेर नॉर्थ डकोटा, उणे सव्वीस.
बाकावर तिघं खोळंबलेत:
लिंडग्रेनबाईंचं कान धरून रडणारं पोर,
साखर लपवणारा पाद्री,
आणि एक मुलगी, जिला मीच या जगात ओढून काढलं;
आता तिचंच पोट पुढे आलंय.

डेल्मर उठतो. कोट चढवतो, एकेक बटण.
इकडची माणसं खरं बोलतात
ते दाराच्या मुठीवर हात ठेवून,
पाठमोरी.

"व्हर्ना काल कुत्र्याला
माझ्या नावानं हाक मारत होती.
आणि मला विचारलं, कुणाकडे आलात?"

शहरातल्या इस्पितळात यासाठी वेगळा मजला आहे,
वेगळा डॉक्टर, पाच महिन्यांनंतरची तारीख.
माझ्याकडे चाकांचं एक स्टूल आहे,
तेही एका बाजूला कलतं.

मी ते पुन्हा ओढते.
गुडघ्याचा कागद उलटा करते,
कोऱ्या बाजूवर लिहिते: व्हर्ना.

"बस, डेल्मर."
तो बसत नाही.
पण मुठीवरचा हात
काढतो.