दोन पिल्लं, एक पिशवी

जतच्या बाजारात, शेळ्यांच्या रांगेच्या टोकाला
लिंबाखाली दोन पिल्लं बांधलेली.
एक कारवानी : कंबर मुठीत मावेल अशी,
नाक लांब, वाऱ्यात खुपसलेलं,
उभं राहणं म्हणजे त्याला शिक्षाच.
दुसरं आपलं धनगरी : लोकरीचा गोळा, पंजे थोराड.
आल्या आल्या माझ्या घोंगड्याच्या टोकावर मुतलं
आणि तिथंच बसून
येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय मोजत राहिलं.

विकणारा सिद्राया, उमदीचा. म्हणाला,
"मायव्वा, दोन्ही दमणारी न्हाईत.
हे दिवसाचं, ते रातचं.
पैशे एकाचंच असतील तर इचार करून उचल."

विचार तर पंधरवडाभर चाललेला,
खंड्या गेला तेव्हापासनं.
लांडग्यानं नाही नेला त्याला;
डाळिंबाच्या बांधावर कुणी सांडलेलं औषध चाटलं.
आता एकशेचाळीस मेंढरं, एक घोडं,
आणि लगमाण्णाच्या मांडीत रॉड.
दिवसा मी चालते, तो तळावर कोकरं राखतो.
रात्री मी पडते ती दगडासारखी,
तो वाघरीच्या कडेला काठी मांडीवर घेऊन जागा.

म्हणजे हिशेब साधाच :
कारवानी माझ्या पायांसाठी,
धनगरी त्याच्या डोळ्यांसाठी.
साधा होता म्हणून तर तासभर
लिंबाखाली उभी राहिले, चहा गार करत.

कारवानी पिल्लाची दोरी सोडून बघितली.
एक शेळी हलली फक्त,
तर हा बाणासारखा पुढं, वळसा घालून तिच्या तोंडाशी,
ती थांबली, तोही थांबला, दोघंही चकित.
कुणी शिकवलं नव्हतं त्याला.
माझ्या पोटऱ्यांत तेवढ्यानंच थंडावा उतरला, खोटं कशाला बोलू.
मनात नावसुद्धा ठेवून टाकलं : पाखऱ्या.

तेवढ्यात फोन. लगमाण्णा.
"कारवानीच घे. द्राक्षाकडं एक मेंढी वळली
की तू किती पळतीस ते ठावं हाय मला."
"तुला काय दिसतंय तळावर बसून?"
"दिसत न्हाई. रात्री झोपेत पाय झाडतीस तू.
मी जागाच असतो की."

मी काही बोलले नाही.
बोलता येत नव्हतं, कारण तोवर
धनगरी पिल्लू खताच्या रिकाम्या पिशवीत घालून
काखेला लावलेलं होतं,
आणि त्याचं नाक माझ्या बरगडीला, ओलं.

त्या रात्री भांडण झालं. मोठं नाही.
"तुला सांगितलं काय, आणलंस काय."
भाकरी त्यानं पाठमोरं बसून खाल्ली.
पिल्लू उठलं, वाघरीभोवती एक फेरी मारली,
जाळीच्या प्रत्येक मेखेला नाक लावलं
आणि त्याच्या त्या वाकड्या पायाला टेकून बसलं,
तोंड अंधाराकडं.
त्यानं नाव विचारलं. मी म्हटलं, ढग्या.

वर्ष झालं.
लगमाण्णा आता झोपतो, घोरतोसुद्धा,
अंधाराकडं पाठ करून.
कोल्ही ओरडली की ढग्या नुसता उभा राहतो,
भुंकायचं का नाही ते आधी ठरवतो.
पाखऱ्याचं पुढं काय झालं ठाऊक नाही.
कुणी म्हणतं विजापूरच्या बाजूला गेला,
कुणी म्हणतं बंगल्यात बांधलाय, मिरजेकडं.
बांधला असेल तर वाईट झालं.

अजून एखादी मेंढी हिरव्याकडं वळते
आणि माझ्या तोंडातनं निघतं, "पाखऱ्या, धाव!"
कुणाचंच नाव नाही ते आमच्या तळावर.
तरी ढग्या कान टवकारतो, येतो,
मागनं, सावकाश,
शेवटचं लंगडं कोकरू पुढं घालून.
मेंढी तोवर मीच वळवलेली असते.