काढता पाय

खोक्यात विमान नव्हतंच.
बिस्किटासारख्या हलक्या फळ्या, नंबर घातलेल्या फासळ्या,
आणि वेगळ्या पाकिटात, चिंधीत गुंडाळल्यासारखे,
दोन पाय.

मी आधी पायच उघडले. सवय.
अठरा वर्षं झाली, दौलतगंजच्या बोळात मी कॅलिपर बनवते,
पोलिओचे, अपघाताचे.
दारातून कुणी आलं की लोक तोंड बघतात,
मी टाच कशी पडते ते.

रात्री भांडी आवरली की इस्त्रीच्या टेबलावर विमान.
फासळी, गोंद, फासळी.
पंख वाकू नये म्हणून वर मोरंब्याची बरणी.
डावा खळगा दोन मिलिमीटरने लहान निघाला,
चाक आत जाईना.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
पण पाय ठरलेलाच असेल तर अंथरूण कोरावं लागतं.
कानस घेतली.

मग बटण दाबलं.
पाय मुडपला, वर गेला, पंखात जाऊन निजला.
पुन्हा दाबलं. बाहेर, खाली, आणि शेवटी
तो आवाज: टक्.
गुडघ्याला कुलूप बसलं, आता टाका भार.
हा आवाज मी झोपेतही ओळखते.
कुलूप न बसलेल्या गुडघ्यावर उभा राहिलेला माणूस
कसा खाली येतो, ते मी दोनदा पाहिलंय.
एकदा चूक माझी होती.

तीस-पस्तीस वेळा आत-बाहेर केलं असेल.
आतल्या खोलीतून निशिकांत म्हणाला,
"दमवू नकोस गं त्याला, उद्या उडायचंय."

महाराजपुऱ्याकडचं आकाश हवाई दलाचं,
म्हणून तिघऱ्याच्या रस्त्याला, नंदलाल कुशवाहांच्या शेतात.
मोहरी नुकतीच कापलेली, बुडखे टोचरे.
मधोमध त्यांनी ट्रॅक्टर फिरवून पट्टी केली होती
आणि टोकाला खाट टाकून स्वतः बसले होते.
उजव्या पायात माझा कॅलिपर. तिसरा.

धावलं, दोनदा उसळलं, सुटलं.
मी बटण दाबलं
आणि जमिनीशी त्याचं देणंघेणं मिटलं.
काढता पाय घेणारे पुष्कळ पाहिलेत, लग्नाकार्यात, उधारीत.
इतक्या नीट कुणी घेतला नव्हता.

उतरताना एकच खाली आला. उजवा.
बटण वर, बटण खाली. वर, खाली.
डावा ढिम्म.
बॅटरी असेल तीनेक मिनिटांची.
मी एका पायावर उतरवायचा हिशेब मांडू लागले,
वारा कुठला, पंख किती कलवायचा,
किती वेळ तोल धरेल.
कुशवाह खाटेवरूनच म्हणाले,
"दोनों समेट लो, दीदी. पेट के बल आने दो."

अठरा वर्षं मी माणसं उभी करते.
मला हे सुचलं नसतं.
मी उजवाही आत घेतला.

बुडख्यांवरून सरसरत आलं.
प्रॉपेलर गेला, पोटाची फिल्म फाटली,
आणि ते मातीत गप्प पडून राहिलं,
बाकी सगळं जागच्या जागी.

उलटं करून मांडीवर घेतलं.
डाव्या खळग्यात, मी कानस मारली होती तिथेच,
मोहरीची एक वाळकी शेंग आडवी बसलेली.
नखाने काढली. दाणे ओढणीत सांडले.
बटण दाबलं.
टक्.

कुशवाह बघायला म्हणून उठले.
काठी, हात, मग गुडघा सरळ.
कुलूप बसलं, पण करकरत.
विचारलं, कधीपासून वाजतंय हे?
ते आभाळाकडे बघायला लागले. तिथे आता काही नव्हतं.
म्हटलं, गुरुवारी या, सकाळी, गर्दीच्या आधी.
आणि पुढच्या वेळी पट्टी झाडून ठेवा.