नऊ पूर्णांक चार

पाषाणला नऊ पूर्णांक चार, पेपरात आलंय.
माझ्या अंगठ्यांना ते पहाटेच कळलं होतं.

दुधाची पिशवी दातांनी फाडली.
कुकरचं झाकण काही वळेना,
मग खिचडी पातेल्यात.

डॉक्टर म्हणाले, मेणाच्या शेकाला या, आठवडाभर.
आठवडाभर म्हणजे जाऊन-येऊन चौदा रिक्षा.
मी तव्यावर खडेमीठ भाजते,
मोज्यात भरते.
मोजा यांचा. डाव्या पायाचा.
उजवा कुठे गेला, कोण जाणे.

दहाला गॅलरीत ऊन येतं.
समोर अकरावा मजला चढल्यापासून
चाळीसच मिनिटं.
तेवढ्यात हात वाळत घालते
पापडासारखे, उलटसुलट.

खालून शालनवहिनी ओरडतात, बरंय ना?
बरंय, म्हणते,
आणि मूठ मिटून बघते.
लिंबाएवढी जागा उरते.
काल मोसंबीएवढी होती.