जागा शिल्लक: शून्य

डुलूथमध्ये, तळघरात, बॉयलरशेजारी
वेन्डेल ऑस्टबीचा कॉम्प्युटर फोन उचलतो.
एका वेळी एकच पाहुणा.
दुसऱ्याला नुसता एंगेज टोन.

अक्षरं येतात एकेक,
चिमटीतून मीठ सुटावं तशी,
आणि पायांत मोज्यांवर मोजे चढवून वेन्डेल वाचत बसतो:
कुणाला प्रिंटरची रिबन हवी आहे,
कुणी ओळ २१४०मधली चूक धरली आहे.
चूक त्याचीच.

फ्लॉपी भरली की रविवारी पुसापुशी.
आधी शिव्या. मग बुद्धिबळाचे अर्धवट डाव.
मग थंडीबद्दलच्या तक्रारी; त्या काय, पुन्हा येतीलच.

पण मार्चपासून एक निरोप आहे, चाळीस ओळींचा,
कुणा 'रातबगळ्या'चा,
सरोवराच्या बर्फाखाली गेलेल्या भावाबद्दल.
उत्तर कुणीच दिलं नाही.
वेन्डेलनंही नाही. तीनदा लिहायला बसला होता.

आज पुन्हा जागा हवी.
तो स्वागताचा मजकूर उघडतो:
ताऱ्यांची चौकट, स्वतःचं नाव, नियम एक ते नऊ.
पुसतो.

आता फोन लागला की
निळ्या पडद्यावर नुसता एक चौकोन लुकलुकतो.
लोकांना वाटतं, बिघडलंय.
एकानं तसं कळवलंही आहे,
सविस्तर, बारा ओळींत.