कोरडी जागा

रापणीत वय पाण्यावरून ओळखतात.
मिसरूड फुटलेला पोर गळ्याइतक्या पाण्यात,
लग्न झालेला कमरेइतक्या,
नातवंडवाला गुडघ्यापाशी,
आणि सगळ्यात मोठा
वर, कोरड्या वाळूत,
ओल्या दोराची वेटोळी घालत बसलेला.
त्याचा हात वर गेला की
चाळीस माणसं ओढतात.

गुणाजी तारी पितृपक्षाच्या तोंडावर गेला.
बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी
निवतीच्या किनाऱ्यावर
मी नेहमीसारखा गुडघाभर पाण्यात उतरलो,
तर बुधाजी म्हणाला, "मामानू, तुमी वर येवा."
ठराव वगैरे काही नाही.
माझ्या हातातला दोर त्याने घेतला, इतकंच,
जशी म्हाताऱ्याच्या हातून पिशवी घेतात.

वर आलो. पाय वाळले.
पोटऱ्यांवर मीठ पांढरं होऊन तडकलं.
चहाचा पहिला ग्लास माझ्यापुढे आला.
काल अरे म्हणणारे दोघे
आज अहोवर आले.

इथून मासा दिसत नाही.
गुणाजीने हे कधी सांगितलं नव्हतं.
इथून दिसतात डोकी,
आणि डोक्यांपलीकडे चकाकणारं काहीतरी,
ते ऊनही असू शकतं.

तेवढ्यात दुर्वेश ओरडला,
सोळाचा, हनुवटीपर्यंत पाण्यात:
"इले! मांड्यांका लागतत! खालसून जातत, मिटवा!"
"गप रव रे," तीन-चार जण एकदमच.
आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

पोर खरं बोलत होता.
तो स्पर्श मी चाळीस वर्षांत विसरलेलो नाही,
थंड, घाईतला,
अंधारात कुणी धक्का देऊन जावं तसा.
मलाही तेव्हा गप रव म्हणाले होते.

तरी मी हात लगेच उचलला नाही.
पाण्याकडे पाहिलं. वाऱ्याकडे पाहिलं.
दोराचा एक वेढा सरळ केला,
जो सरळच होता.
पोराचं ऐकलं असं दिसू नये
एवढा वेळ जाऊ दिला,
मग उचलला.

आठ टोपल्या बांगडे.
"मामांचो अंदाज!" बुधाजी म्हणाला.
दोराखालून जे गेले
ते कुठल्याच वहीत नाहीत.

वाटे पडले. माझा दीड, दुर्वेशचा अर्धा.
त्याच्या टोपलीत मी
चार बांगडे जास्तीचे सरकवले.
त्याने पाहिले, मोजले,
दोन परत माझ्या वाट्यात ठेवले
आणि काही न बोलता
कपडे पिळायला गेला.