उघड

गावाचं नाव हार. मराठी कानाला
निकाल आधीच लागल्यासारखा.
म्युनिकपासून वीस मिनिटं. ओटमार व्हीझिंगरचा दावा:
वळण यायच्या जरा आधीच
गाडीतल्या पडद्यावरचा नकाशा वळतो.

प्रतिपक्षाची वकील म्हणते, हे तर उघडच होतं.
आणि पुढे उभा करते तो माणूस
जो कुठेच राहत नाही,
जगातला प्रत्येक कागद वाचलेला,
स्वप्न एकही न पडलेला.
त्यालाही सुचलं असतं, म्हणते, कॉफीच्या आधी.

मग दोन हजार चार साली तुम्हीच का नाही केलंत?
हा प्रश्न नोंदवला जातो.

मधल्या सुट्टीत रोसविटाला बेकरी शोधायची आहे.
दारावर मिळालेला नकाशा उघडून ती चालू लागते,
कोपरा यायच्या आधीच तो हातात फिरवते,
जसा ब्रेनर घाटात फिरवायची, मांडीवर,
चेरीचे डाग पडलेला,
आणि हा स्टिअरिंगवरून ओरडायचा,
अगं, सरळ धर ना!

ओटमार थांबतो. चष्मा पुसतो.
परत आत बोलावतात तेव्हा
तिच्या हातातला कागद मागून घेतो,
नीट घडी घालतो,
कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो.