किती वाजले

"किती वाजले?"
"सव्वातीन."
"दुपारचे?"
"रात्रीचे, पप्पा. झोपा."

जेल रोडवरच्या आमच्या खोलीत
जानेवारी फरशीतून वर चढतो.
दोन गोधड्या, कानटोपी,
आणि गोधडीबाहेर मनगट,
घड्याळासकट.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये होते. तिकिटं छापायचे.
भोंग्यावर सगळी कॉलनी घड्याळं लावायची,
पप्पा घड्याळावर भोंगा तपासायचे.
"आज अर्धा मिनिट मागे आहे," म्हणायचे,
आणि डबा उचलायचे.

आता काटे दिसतात, वेळ दिसत नाही.
रोज संध्याकाळी किल्ली मात्र देतात,
अकरा वळसे, मोजून.

"किती वाजले?"
"तीन वीस."

मी सुवार्ता एलीया पगारे, वय एक्केचाळीस,
सिव्हिलला स्टाफ नर्स.
माझंही विचारणं चालूच असतं, गुडघ्यांवर, बसमध्ये,
सलाईनचे थेंब मोजताना.
सोलापूरचं स्थळ "कळवतो" म्हणालं, त्याला नऊ वर्षं झाली.
अमोसचा फोन येणार होता नाताळला.
कुठल्या नाताळला, ते राहिलंच.
आणि एक प्रश्न आहे,
जो पप्पांच्या उशीकडे बघत
मी तोंडाने विचारत नाही.

रविवारी पाळकबुवा म्हणाले,
द्राक्षाला घाई केली तर आंबट लागतं.
मी मनात म्हटलं,
उशीर केला तर गारपीट होते, पाळकबुवा,
निफाडला विचारा.
मग शुभवर्तमानाला सगळ्यांसोबत उभी राहिले.

"किती वाजले?"
कितव्यांदा, कोण जाणे.
मी ओरडले.
शेजारच्या भालेरावांचा दिवा लागला, विझला.
"आत्ताच सांगितलं ना! काय करायचीय तुम्हाला वेळ?"

पप्पा गप्प.
मग लहान पोरासारखं,
"रागावू नको गं.
अंधारात कोण आहे का,
एवढंच बघत होतो."

मी उठले. पाणी प्यायले.
ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिले.
टिकटिक तिथवर येत होती.

मग मीही विचारलं, त्याला,
जो कधीच वेळ सांगत नाही.
तारखा सोडल्या, स्थळ सोडलं, अमोसलाही
त्या रात्रीपुरता सोडला.
विचारलं फक्त,
आहेस ना?

उत्तर आलं म्हणणार नाही.
स्टेशनकडून एक मालगाडी गेली, लांबलचक,
संपतच नव्हती.
मी डबे मोजायला लागले
आणि मध्येच सोडून दिले.

खुर्ची पलंगाला चिकटवली.
त्यांचा हात हातात घेतला, घड्याळाचा.

"किती वाजले?"
"मी आहे, पप्पा."
"बरं," म्हणाले,
जणू मी नेमकी वेळ सांगितली होती.

दूधवाला आला तेव्हा
दोघंही झोपेत होतो.
मला ड्युटीवर जायला
चाळीस मिनिटं उशीर झाला.